निदान : कारणाशी बांधलेली दोरी

'निदान' हा शब्द आपण वैद्याच्या ओसरीवर ऐकतो आणि तिथेच ठेवून येतो; पण वेदभाषेत तो मुळात दोरीचा शब्द आहे, वासराला बांधायचे दावे म्हणजे निदान, आणि हे दावे धरून मागे मागे जात खुंटीला हात लावणे, म्हणजे कार्यावरून आदिकारणाशी पोचणे, हा त्याचा शास्त्रांनी उलगडलेला अर्थ.

आयुर्वेदाने रोगज्ञानाची पाच साधने सांगितली, निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. त्यांत निदान पहिले. हीच फोड संगणक-प्रकल्पाला लावून पाहा: सर्व्हर बंद पडतो, ठरलेली तारीख टळते, हे केवळ रूप, म्हणजे दिसणारे लक्षण, होय. सर्व्हर पुन्हा सुरू केला की ताप उतरतो, पण रोग अंगातच राहतो, कारण निदानपरिवर्जन, म्हणजे कारणच दूर सारणे, घडलेले नसते.

चादरी विणणाऱ्या सोलापूरकरांना हे मागापाशी सहज कळावे. चादरीत दोष उमटला की जाणता विणकर कापड रफू करून थांबत नाही, तो धागा धरून मागापर्यंत जातो. जपानचे साकिची तोयोदा हेही मागाचेच उपासक. त्यांच्या १९२४च्या स्वयंचलित मागात धागा तुटताच माग आपोआप थांबे, म्हणजे दोष पुढे विणला जात नसे. त्याच घराण्याच्या कापड-उद्योगातून पुढे मोटार कारखान्यात गेलेल्या ताईइची ओनो यांनी पाच वेळा 'का' विचारण्याची शिस्त रुजवली. थांबणे आणि विचारणे, ही निदानाची दोन पावले.

ही पावले एका अपघातावर टाकून पाहू. ४ जून १९९६ रोजी युरोपचा एरियन-५ अग्निबाण उड्डाणानंतर चाळीस सेकंदांच्या आत नष्ट झाला. का? दिशा सांगणारे संगणक बंद पडले. का? ६४ बिटांची संख्या १६ बिटांच्या जागेत मावली नाही. का? नव्या बाणाचा आडवा वेग जुन्याहून फार अधिक होता. मग जागा अपुरी का? आज्ञावली जुन्या एरियन-४मधून तशीच आणली होती. आणि ती नव्या मार्गावर पारखली का नाही? काल जे चालले ते आजही चालेल, या विश्वासापोटी. पहिल्या 'का'शी थांबले असते तर दोष यंत्राचा ठरता. दोरीच्या टोकाशी मात्र माणसांची एक न तपासलेली समजूत सापडली. म्हणूनच निदान 'कोण चुकले' असे विचारत नाही. त्या प्रश्नाने दोरी एका माणसाच्या गळ्यात अडकते आणि खुंटी दूरच राहते.

खुंटीपर्यंत पोचण्याचे उदाहरण सोलापुरातही आहे: पर्जन्यछायेतल्या या भूमीत १२व्या शतकात संत सिद्धरामेश्वरांनी तळे खोदविले. घागरभर पाण्याने एका दिवसाची तहान भागते. तळे खोदणाऱ्याने तहानेचे निदान केलेले असते.

आणि मराठीने या शब्दाला आणखी एक विनम्र अर्थ दिला, 'कमीत कमी'. पाचव्या 'का'पर्यंत पोचणे नेहमी साधेलच असे नाही. पण बंद पडलेले यंत्र पुन्हा सुरू करण्याआधी, आपण निदान एकदा तरी 'का' विचारावे.