श्रद्धेचा विषय, परीक्षेचा पेपर

इस्लामिक स्टडीजमध्ये एम.ए. करतोय असं सांगणाऱ्या मुलाला आपल्याकडे दोन ठरलेले प्रश्न विचारले जातात. मुलगा मुसलमान असेल तर ‘मग मौलवी होणार का?’ आणि नसेल तर ‘हे काय खूळ डोक्यात घेतलंस?’ दोन्ही विचारणारे धरूनच चालतात, की धर्माचा अभ्यास करायचा तो धर्मात शिरण्यासाठीच.

खरं तर मौलवी व्हायला एम.ए. लागत नाही. त्यासाठी मदरसे आहेत. तिथला अभ्यासक्रम बहुतेक ठिकाणी अजूनही दर्स-ए-निजामीच्या वळणाने जातो, म्हणजे अठराव्या शतकात लखनौच्या फिरंगी महलातल्या मुल्ला निजामुद्दीन यांच्या परंपरेने. विद्यापीठातली पदवी ही वेगळी गोष्ट. अलिगढ, दिल्लीतली जामिया मिल्लिया, हैदराबादचं मौलाना आझाद उर्दू विद्यापीठ, काश्मीर विद्यापीठ अशा ठिकाणी ती घेता येते. विषय पुष्कळसे तेच: कुराण, हदीस, फिक्ह म्हणजे धर्मशास्त्रीय कायदा, सूफी विचार, इतिहास. फरक पडतो तो वर्गात काय विचारता येतं यात.

सहीह बुखारी या हदीससंग्रहातली पहिलीच हदीस घ्या, हेतूबद्दलची. हदीस म्हणजे पैगंबरांचं नुसतं वचन नव्हे; ते कुणी कुणाकडून ऐकलं याची साखळी आधी येते. इथे पैगंबरांकडून उमर, त्यांच्याकडून अल्कमा, मग मुहम्मद बिन इब्राहीम, मग याह्या बिन सईद. इथवर प्रत्येक पायरीवर एकेकच माणूस. याह्यांपासून पुढे मात्र सांगणाऱ्यांची रीघ लागते. मदरशातून आलेल्या विद्यार्थ्याला ही नावं तोंडपाठ असतात, आणि कोणता निवेदक कितपत भरवशाचा हे ठरवण्याचं शास्त्रही त्याने शिकलेलं असतं. साखळी एकेरी आहे हे जुन्या हदीसपंडितांनीच नोंदवून ठेवलंय. 1950 मध्ये जोसेफ शाख्त या युरोपीय अभ्यासकाने अशा जागांवर बोट ठेवलं. सगळ्या साखळ्या ज्या माणसापाशी येऊन मिळतात, त्याच्या सुमाराला ते वचन प्रचारात आलं असावं, असं त्याचं म्हणणं. त्याला सविस्तर उत्तर दिलं मुहम्मद मुस्तफा आजमी यांनी. आजमी मूळचे उत्तर प्रदेशातल्या मऊचे. देवबंदला शिकले, मग अल-अजहर, मग केंब्रिजची पीएच.डी. शाख्तच्या पुराव्यांतली खोट दाखवायला त्यांनी अख्खं पुस्तक लिहिलं. मला स्वतःला शाख्तचा निष्कर्ष घाईचा वाटतो, पण त्याचा प्रश्न टाळता येत नाही. एम.ए.च्या विद्यार्थ्याकडून अपेक्षा एवढीच, की दोघांची बाजू त्यांना मान्य होईल अशी मांडता यावी.

त्यासाठी वर्गात मुसलमान आणि बिगरमुसलमान असे दोन्ही प्रकारचे विद्यार्थी लागतात. विल्फ्रेड कँटवेल स्मिथ यांनी 1952 मध्ये कॅनडात मॅकगिल विद्यापीठात इस्लामच्या अभ्यासाची संस्था काढली, तेव्हा तिथे निम्मे मुसलमान आणि निम्मे बिगरमुसलमान असावेत असा त्यांचा आग्रह होता. लखनौच्या नदवा मदरशात शिकलेले मुशीर-उल-हक तिथूनच पीएच.डी. घेऊन आले. सेक्युलर भारतातल्या इस्लामवरचं त्यांचं पुस्तक आजही वाचावं असं आहे. पुढे ते काश्मीर विद्यापीठाचे कुलगुरू झाले. 1990 मध्ये अतिरेक्यांनी त्यांचं अपहरण करून त्यांना मारलं.

आपल्या विभागांत मात्र बहुतांश मुलं मदरशांतून आलेली. त्यांचा यात फायदाच आहे, त्यांना बाहेरचं जग आणि बाहेरचे प्रश्न भेटतात. पण बाहेरचा माणूस भेटत नाही. मग प्रबंध निघतात ते ‘अमुक यांचे तफसीरमधील (कुराणभाष्यातील) योगदान’ छापाचे. (मराठीचे विभाग याला हसू शकत नाहीत.) नोकरीचं म्हणाल तर नेट परीक्षेला हा विषय आहे, जागा मोजक्या. अरबी पक्की असलेली बरीच मुलं दिल्लीच्या बड्या इस्पितळांत इराकी, येमेनी रुग्णांची दुभाषी होतात. अभ्यासापेक्षा भाषेनेच पोट भरतं.

खरं तर महाराष्ट्राने या विभागांत मुलं धाडायला हवी होती. ग. ह. खरे, सेतुमाधवराव पगडी यांनी फारसी शिकून फर्मानं आणि अखबार मराठीत आणले, त्या जोरावर आपला इतिहास उभा राहिला. पगडी सूफी संप्रदायापर्यंत गेले, पण त्यांच्या वाटेने फारसं कुणी गेलं नाही. फारसी आपल्याला लागली ती दफ्तरापुरती. इस्लामचा कायदा, त्यातले पंथ, त्यांचे आपसातले वाद हे मराठी विद्वत्तेच्या बाहेरच राहिले. हमीद दलवाईंनी 1966 मध्ये सात मुस्लिम महिलांचा मोर्चा विधानसभेवर नेला, तेव्हापासून 2017 च्या तिहेरी तलाकच्या निकालापर्यंत आपण तलाकच्या प्रश्नावर तावातावाने बोलत आलोय. पण एका दमात दिलेले तीन तलाक हनफी परंपरा तीनच धरते आणि अहले हदीस पंथ एकच, हा साधा भेद मराठी चर्चेत क्वचितच कुणी समजावून सांगितला. न्यायाधीशांना मात्र निकाल लिहिताना कुराणाच्या आयती उलगडून पाहाव्या लागल्या.

साधनं दूर आहेत असंही नाही. 1899 मध्ये माथेरानला जन्मलेले आसफ फैजी मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य होते. फातिमी काळातल्या काजी नुमान यांच्या कायदाग्रंथाचं त्यांनी संपादन केलं आणि आपला इस्माइली (शियांचा एक पंथ) हस्तलिखितांचा संग्रह मुंबई विद्यापीठाला दिला. त्याची वर्णनात्मक सूची 1965 मध्ये छापलीही गेली. तो संग्रह वाचायचा तर अडचण एकच, अरबी. कोऱ्या पाटीवर ती एम.ए.च्या दोन वर्षांत येत नाही. मग विद्यार्थी उर्दू किंवा इंग्रजी अनुवादांवर भागवतो आणि दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचत राहतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने बी.ए.लाच, मोडीच्या जोडीने, अरबी धरावी. मुंबई-पुण्यात ती शिकता येते. पुढची दोन वर्षं अलिगढला किंवा हैदराबादला काढायची तयारी हवी, आणि घरच्यांनी ‘हे काय खूळ’ म्हणून मोडता घालू नये.