ठिपक्याचा डावा डोळा

रविवारी सकाळी हिंजवडी फेज तीनमधल्या एका फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरातला वजनकाटा जमिनीवर येतो. काट्यावर टॉवेल, टॉवेलवर ठिपक्या. पांढरा ससा, डाव्या डोळ्याभोवती काळा डाग, म्हणून हे नाव. आकडा स्थिर होईपर्यंत भाची त्याच्या कपाळावर तळहात ठेवते आणि मग वहीत लिहिते : १ किलो ६४० ग्रॅम. मागच्या रविवारचा आकडा १ किलो ६९०.

या रविवारी पौडहून तिचे मामा आले होते. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून मुळशीतल्या वाड्यावस्त्या पायाखाली घातलेला माणूस. अडलेल्या म्हशी सोडवल्या, लाळ्या-खुरकुताच्या साथीत गोठ्यांतून रात्री काढल्या. दात तर त्यांच्या रोजच्या ओळखीचे. बैलाचा ओठ वर केला की आदत, दोन दाती, चार दाती की जुळलेला, हे ते बघताक्षणी सांगत. सशाच्या तोंडात मात्र त्यांनी कधी डोकावलं नव्हतं. “एवढंसं तोंड,” ते म्हणाले, “आतलं दिसतं तरी कसं?”

नीट दिसत नाही, आणि बहुतेक सशांचं दुखणं इथंच हाताबाहेर जातं. सशाला २८ दात, सगळे जन्मभर वाढणारे. पुढचे तर आठवड्याला दोन मिलिमीटरच्या आसपास. गवतातल्या सिलिकानं आणि तासन्‌तास चघळण्यानं ते झिजतात. पोळी, बिस्कीट, गाजर आणि दुकानातले दाणे यांवर ससा वाढला की झीज थांबते, वाढ थांबत नाही. खालच्या दाढांच्या कडा जिभेत रुततात, वरच्यांच्या गालात. पुढे दाढांची मुळंच उलटी हाडात सरकतात. वरच्या जबड्यात याच मुळांजवळून डोळ्यातलं पाणी नाकात नेणारी नळी जाते. सशाला तिचं तोंड एकच, खालच्या पापणीत. नळी दबली की डोळा पाझरू लागतो, मग त्यातून पांढरा पू येतो. घरातल्यांना वाटतं, डोळा आला.

ठिपक्याचं तेच झालं. सहा महिने थेंब बदलले, डोळा पुसला. पहिल्या दवाखान्यात पुढचे वाढलेले दात चिमट्यासारख्या कटरनं तोडले. तसं तोडल्यानं दात उभा चिरू शकतो, हे भाचीला फार उशिरा कळलं. आता दर सहा आठवड्यांनी त्याला भूल देऊन दाढा घासून घ्याव्या लागतात. सरकलेली मुळं मागे येणार नाहीत. परवाच्या एक्स-रेत डाव्या डोळ्यामागे सावली दिसली, गळू असावं. सशाचा पू लोण्यासारखा घट्ट, चीर देऊन वाहून जात नाही. डॉक्टरांनी तीन वाटा सांगितल्या : आहे तसं घासत राहायचं, डोळा काढून मागची जागा साफ करायची, किंवा त्याला कायमचं झोपवायचं. बुधवारपर्यंत कळवा म्हणाले.

मामांनी थेट विषयाला हात घातला. “साबरमतीच्या आश्रमात १९२८ साली एक वासरू असंच तडफडत होतं. डॉक्टरांनी आशा सोडली होती. गांधींनी सुई द्यायला लावली. केवढं काहूर उठलं! पण ‘नवजीवन’मध्ये त्यांनी लिहून टाकलं की हे मी केलं, आणि ही अहिंसाच आहे. मुंगी मारताना विचार करणारा माणूस हे करतो, आणि तू बुधवारची वाट बघतेस?”

“त्या वासराला काही उपायच उरला नव्हता, मामा. ठिपक्यानं आज सकाळी कोथिंबीर खाल्ली.”

“तू तोंडापुढे धरलीस म्हणून.”

“गवतही खाल्लं. थोडं.”

“पन्नास ग्रॅम उतरलं, तेवढं थोडं.”

भाची गप्प झाली. सशाचं खाणं ही साधी खूण नाही. तो खायचा थांबला की आतडी मंदावतात, लेंड्या बारीक होतात, आणि एका दिवसात जीव धोक्यात येतो. त्याला उलटी होत नाही, म्हणून भुलीआधीसुद्धा उपाशी ठेवत नाहीत. ससा खातोय हा आधार खरा असतो. मात्र तो दुखत नसल्याचा पुरावा होत नाही, आणि मामांनी बोट ठेवलं ते नेमकं इथं.

“बैल हंबरतो, कुत्रं केकाटतं. हा काय करतो?”

“बसून राहतो.”

“मग तो कळ काढतोय की सुखात आहे, हे ठरवणार कोण? तूच. आणि तुला तो हवाय.”

सशाच्या या मुकेपणाची माणसानं मोठी किंमत वसूल केली आहे. अमेरिकेत १९४४ साली जॉन ड्रेझ यांनी सशाच्या डोळ्यात रसायन घालून दाह मोजायची पद्धत मांडली. पुढं कित्येक दशकं शाम्पू, मस्करा, साबण असे सशांच्या डोळ्यांतून तपासून बाजारात आले. ससा निवडला त्याची कारणं साधी होती : डोळा मोठा, जनावर शांत, हाताळायला सोपं. भारतात सौंदर्यप्रसाधनांसाठी अशा चाचण्यांवर बंदी यायला २०१४ साल उजाडलं. जो ओरडत नाही त्याला कमी दुखत असेल, हा समज किती सोयीचा असतो, हे इथं दिसतं. हेतू अगदी उलटा असूनही भाचीच्या घरात तोच समज मागच्या दारानं शिरू शकतो, आणि मामांची भीती खरी आहे.

भाचीनं फ्रिजवर लावलेला कागद काढून आणला. २०१२ साली संशोधकांनी सशाच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखायची मोजपट्टी तयार केली. डोळा किती मिटला, गाल किती चपटे झाले, नाकाचा आकार, मिशा, कान. “मी रोज रात्री बघते. पाचही खुणांना गुण देते. मनाचं काही लिहीत नाही.”

मामांनी कागद वाचला, सशाकडे पाहिलं. “डोळा तर आजारानंच मिटलाय. गालाच्या आत दाढा टोचतात. तुझ्या पाचांतल्या दोन खुणा दुखण्यानंच खाल्ल्या की गं. उरल्या तीन.”

याचं उत्तर तिच्याजवळ नव्हतं, आणि नाही हे तिनं मान्य केलं.

तिनं लॅपटॉप उघडला. आकड्यांवर तिचा विश्वास आहे, पोटापाण्याचं कामही तेच. ब्रिटनमध्ये ८,२०९ सशांच्या भुलीच्या नोंदी तपासून २००८ साली निष्कर्ष छापले गेले : भुलीमुळे दगावण्याचं प्रमाण १.३९ टक्के. कुत्र्यांमध्ये ०.१७, मांजरांत ०.२४. “म्हणजे शंभरात दीडही नाही. वर्षातून आठ-नऊ वेळा घासायचं धरलं तरी दहाला नऊ वेळा तो वर्ष काढेल.”

“हे सगळ्या सशांचं झालं. आजारी सशांचं वेगळं दिलंय का?”

दिलं होतं. निरोगी सशांमध्ये ०.७३ टक्के, आजारी सशांमध्ये ७.३७.

तिनं हिशेब पुन्हा मांडला. आठ वेळा भूल, दर वेळी ७.३७. वर्षभरात भुलीतच दगावण्याची शक्यता जवळजवळ निम्मी.

आता वाद इथंच अडकला. ठिपक्याला कोणत्या रकान्यात धरायचं? मूत्रपिंड, यकृत ठीक आहे, रक्त चांगलं आहे, म्हणून निरोगी? की डोळ्यामागे गळू आहे, म्हणून आजारी? भाची म्हणाली, तो आकडा जुना आहे, भुलीची औषधं आणि तिच्यावर लक्ष ठेवायची साधनं सुधारली आहेत, आणि आपले डॉक्टर सशांचंच काम करतात. मामा म्हणाले, वजन उतरणारं जनावर कधीच निरोगी नसतं, हे तुला कुठलाही गवळी सांगेल. ती म्हणाली, पण वजन उतरतं ते दाढांमुळे, आणि दाढा घासल्या की दहा दिवसांत भरून येतं, वही बघा. मामांनी वही पाहिली. मार्चमध्ये भरून आलं होतं. मेमध्ये आलं होतं, पण पूर्ण नाही. जूनअखेर आणखी थोडं कमी. प्रत्येक वेळी डोंगर चढून आल्यासारखं, आणि प्रत्येक वेळी माथा आधीपेक्षा खाली.

“आणखी एक,” मामा म्हणाले. “तिथं लिहिलंय की बरेचसे ससे भूल उतरताना, नंतरच्या तासांत जातात. ते तास तुझे कुठे जातात?”

भूमकर चौकात. दवाखाना शहराच्या त्या टोकाला, आणि परतीची वेळ आयटी पार्क सुटायची. मागच्या खेपेला पिंजऱ्यावर ओला टॉवेल टाकून, एसी लावून, दर दहा मिनिटांनी गाडीत त्याचा श्वास बघत ती घरी पोचली होती. हिंजवडीच्या रस्त्यांवर माणसांचा वेळ जातो, हे सगळे बोलतात. या रस्त्यावर एखाद्या जनावराच्या जिवाचे सगळ्यात नाजूक दोन तास जातात, हेही त्याच हिशेबात धरायला हवं.

मामा थोडा वेळ थांबले. मग त्यांनी ते विचारलं, जे त्या सकाळी विचारायला सगळ्यात अवघड होतं. “तो भुलीत गेला, तर तुला बरं वाटेल का? ठरवावं लागलं नाही म्हणून?”

भाची खूप वेळ ठिपक्याच्या कानामागे बोटं फिरवत राहिली. “हो,” ती म्हणाली. “मागच्या वेळी सही करताना वाटलं होतं तसं.”

असं कबूल करणारं माणूस क्वचित भेटतं. जनावरावरचा जीव आणि निर्णयाची भीती बाहेरून सारख्याच दिसतात. दोन्हींत माणूस उपचार सुरू ठेवतो, रात्री जागतो, पैसे भरतो. मामांनी तिला त्यानंतर काही टोचलं नाही.

चौथी वाट सुचवणारेही होते. सोसायटीतल्या कुणी म्हटलं, मागच्या डोंगरावर सोडून द्या, रानात राहील. १९६०च्या प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पाळीव जनावर असं टाकून देणं गुन्हा आहे. शिवाय हा आपल्या रानातला ससाच नव्हे. माळावरचा ससा वेगळ्या जातीचा, जन्मतः डोळे उघडे, बिळाशिवाय जगणारा. ठिपक्याचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचे, बिळं करून राहणारे. इथल्या डोंगरावर तो एक रात्रही काढणार नाही. आणखी कुणी घरातल्या अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या सुचवल्या. तोंडावाटे ते औषध सशाच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मारतं आणि ससा दगावतो. भाचीला हे माहीत होतं म्हणून बरं.

“डोळा काढला तर?” मामांनी विचारलं.

“एकदाच मोठी भूल. त्याच वेळी दाढाही घासतील, सडलेली काढता आली तर काढतील. सगळा पू निघाला तर डोळ्याची कटकट संपते. दाढांची नाही.”

“आणि नाही निघाला?”

“तर पुन्हा उठेल.”

“मग तेव्हा काय करशील, ते आज लिही. तेव्हा तुला लिहिता येणार नाही.”

तिनं लिहिलं. सलग दोन रविवार वजन दीड किलोच्या खाली. किंवा टाके निघाल्यानंतर स्वतःहून गवत न खाणं, चार दिवस. किंवा गळू पुन्हा. यांतलं एक झालं तरी भूल द्यायची ती शेवटची. मामांनी वाचून पान परत दिलं. “दीड किलो का? एक सहाशे का नाही?”

“एक सहाशेच्या तो जवळ आलाय म्हणून,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला.

मामांनी पेन घेतलं नाही, आकडा बदलला नाही. दाराशी ठेवलेली गोणी उचलून आणली. पौडच्या बांधावरचं मारवेल, सावलीत वाळवलेलं, अजून हिरवट वासाचं. डब्यातलं परदेशी टिमोथी गवत तो हल्ली हुंगून सोडतो, हे तिनं फोनवर सांगितलं होतं. त्यांनी मूठभर फरशीवर पसरलं, उजव्या अंगाला, दिसणाऱ्या डोळ्याच्या बाजूला. समोर ठेवून उपयोग नसतो; नाकापुढचं सशाला दिसतच नाही, ते तो ओठांनी आणि मिशांनी चाचपतो.

ठिपक्या आला. एक काडी उचलली, उजव्या दाढेखाली घेतली. जबडा हलू लागला. काडी आत सरकत गेली, अर्ध्यावर थांबली, पुन्हा सरकली. दुसरी त्यानं उचलून खाली टाकली. तिसरी हुंगली.

“बुधवारी किती वाजता निघायचं?” मामांनी विचारलं.

“साडेसहाला. रस्ता भरायच्या आत.”

“मी मंगळवारी मुक्कामाला येतो. परत येताना पिंजरा माझ्या मांडीवर राहील.”