दान कोणाच्या तहानेप्रमाणे?



आपण दान करितो ते पुष्कळदा आपले अंतःकरण भरून येते तेव्हा. नाताळात मंडळीतील गरीब विधवेस लुगडे मिळते. पण वैशाखात तिची चूल पेटते की नाही, हे पाहावयास कोण जातो? ते लुगडे खोट्या मनाने दिलेले नसते. तरी ते कोणाच्या मापाने मोजले, देणाऱ्याच्या उमाळ्याने की घेणाऱ्याच्या गरजेने, हा प्रश्न उरतोच. ह्याचे उत्तर शोधण्यास घरातील एक टाकाऊ वस्तू आपणांस साहाय्य करील.

पाण्याची रिकामी प्लास्टिकची बाटली मध्याच्या किंचित वर आडवी कापावी. बुचास भोक पाडून त्यातून जुन्या सुती धोतराच्या चिंधीची जाड वात ओवावी. वरचा भाग उलटा करून खालच्या भागात बसवावा व त्यात माती आणि कुजलेले शेणखत भरून मेथी किंवा कोथिंबीर पेरावी. वातीचे एक टोक मातीत असावे, दुसरे खालच्या पाण्यात बुडावे. आरंभी माती व वात दोन्ही भिजवून घ्यावी. सांधा चिंधीने बंद करावा, नाहीतर पाण्यात डास अंडी घालतील. बाहेरून कागद गुंडाळावा, म्हणजे उजेड न लागून शेवाळ धरणार नाही. असे केले असता उपदेशक दोन दिवस फिरतीवर गेला तरी त्याचे रोप सुकत नाही.

दिव्याची वात ज्या नियमाने तेल वर ओढते, त्याच नियमाने हे घडते. माती सुकली म्हणजे ती पाणी अधिक ओढून घेते. ओली असली म्हणजे थोडेच घेते. ही युक्तीही अगदी नवी नव्हे. ख्रिस्तापूर्वी पहिल्या शतकात चीन देशातील फान शंगची ह्याने, मातीचा घडा जमिनीत पुरून त्याभोवती वेल लावण्याची रीत लिहून ठेविली. घड्यातून पाझरणारे पाणी वेलीच्या मुळांस मिळते. उलट, कळशीभर पाणी एकदम ओतिले तर बरेचसे वाहून जाते, आणि पुढे चार दिवस रोप तहानलेले राहते.

कोणी म्हणेल, "नित्य साहाय्य मिळाल्याने मनुष्य आळशी होईल." ही शंका पोकळ नाही. परंतु वात पाणी पुरविते, वाढावे लागते ते रोपासच. ज्यास प्रत्येक वेळी हात पसरावा लागतो, त्याचे लक्ष दात्याच्या मुखाकडे लागते व त्याची मान खाली जाते. ज्यास थोडे पण खात्रीचे मिळते, तो मुलास शाळेत पाठविण्याचा व बियाणे राखून ठेवण्याचा विचार करू शकतो.

मात्र तळचे पाणी कोणी तरी पुन्हा भरिले पाहिजे. हे काम एका धनिकाचे नव्हे, मंडळीचे आहे. प्रत्येक घरी स्वयंपाकाच्या वेळी मूठभर धान्य वेगळे ठेविले, तर ते कोणास जड जाणार नाही. एलीयाच्या काळी, दुष्काळात, सारफथ येथील विधवेचे मडके काठोकाठ भरले नव्हते. तरी रोजचे पीठ त्यात सरले नाही.

वात मातीत झाकलेली असते. कोणी तिची वाखाणणी करीत नाही. प्रभूने गुप्त दानाविषयी जे शिकविले, ते ह्याहून निराळे काय? ह्या आठवड्यात आपल्या मंडळीतील एका घरी जाऊन, काय देऊ असे मनाशी ठरविण्याआधी, काय उणे आहे हे विचारून पाहावे.