सुखाचा दोष कोठे असतो?

गेल्या ज्येष्ठ पौर्णिमेस लष्करातील एका सभासद कुटुंबात श्रीसत्यनारायणाची पूजा होती. पौरोहित्यास आमचे तीर्थरूप गेले होते व त्यांच्या हाताखाली मीही होतो. निमित्त आनंदाचे होते. घरातील मुलाने आपल्या वृद्ध आईस, पत्नीस व मुलांस घेऊन युरोपचा प्रवास केला होता आणि सर्व मंडळी सुखरूप परतली होती. आरती झाली, प्रसाद वाटला गेला, आणि मग आजी तीर्थरूपांजवळ येऊन बसल्या व हलक्या आवाजात म्हणाल्या, "गुरुजी, एक विचारायचे आहे. मनात ठेवून झोप येत नाही."

त्यांची हकीकत थोडक्यात अशी. इटलीतील तोस्काना प्रांतात टेकडीवरच्या एका जुन्या हवेलीचे आता हॉटेल झाले आहे. तेथे ही मंडळी तीन रात्री राहिली. एका रात्रीचे भाडे मुलाने आईस सांगितले नव्हते, परंतु सुनेच्या बोलण्यातून ते कळले. "माझे सबंध लग्न त्याहून कमी पैशांत झाले हो," आजी म्हणाल्या. "तरीपण त्या गादीवर मला अशी गाढ झोप लागली की, तशी कित्येक वर्षांत लागली नव्हती. सकाळी सज्जातून द्राक्षांचे मळे दिसत. अजून मणी धरले नव्हते, नुसता हिरवा पाला. वाटे, आणखी चार दिवस येथेच राहावे. मला ते आवडले, गुरुजी. तेच मला बोचते. आणि एक दिवस वाइनच्या कारखान्यात नेले, तेव्हा सगळ्यांनी आग्रह केला म्हणून एक घोटही घेतला. याला काही प्रायश्चित्त आहे का?"

तीर्थरूप क्षणभर थांबले आणि म्हणाले, "काकू, घोटाचे मागाहून पाहू. आधी हे सांगा, तुमची खोली रोज कोण आवरीत असे?"

आजींची मुद्रा एकदम उजळली. "एक बाई होती. पन्नाशीची असेल. भाषा कळत नव्हती, पण गुडघे तिचेही दुखत आणि माझेही. मी जवळचे तेल तिला दिले. निघताना दोघींच्या डोळ्यांत पाणी आले."

"मग त्या खोलीसाठी प्रायश्चित्त नाही," तीर्थरूप म्हणाले. "घोटाचे म्हणाल, तर शास्त्र मला बदलता येत नाही. एक दिवस उपवास करा, आणि नको असेल तेथे नाही म्हणायला शिका."

घरी परतताना मी मनातून असमाधानी होतो. यजमान श्रीमंत, म्हणून तीर्थरूपांनी प्रश्न सोपा करून टाकला, असा कुविचारही मनात येऊन गेला. पूजेपूर्वी मुलाने प्रवासाची छायाचित्रे दाखविली होती; ती पाहताना या भोगलोलुपतेवर मी मनातल्या मनात एक प्रवचनच रचले होते. परंतु त्या रात्री देवळामागील आमच्या खोलीत चटईवर पडलो असता वीज गेली, पंखा थांबला आणि माझ्या डोळ्यांपुढे तीच पांढरीशुभ्र शय्या उभी राहिली. तेव्हा उमजले की, माझा निषेध म्हणजे वैराग्य नव्हते. ती असूया होती, आणि तिने वैराग्याची भगवी छाटी पांघरली होती. हे कबूल करण्यास लाज वाटते. परंतु ते न सांगता या विषयावर लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल.

त्या दिवसापासून हा प्रश्न मी पुनःपुन्हा मनाशी घोळविला. सुखात दोष असतो काय? आणि असल्यास तो नेमका कोठे असतो?

ऐश्वर्य ही वस्तू ग्वाल्हेरकरांस अपरिचित नाही. जयाजीराव महाराजांनी १८७४ साली बांधविलेला जयविलास प्रासाद आपल्या डोळ्यांसमोर आहे. तेथील दरबारगृहातील झुंबरे टांगण्यापूर्वी छतावर हत्ती चढवून त्याचे बळ अजमाविले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. आपल्याकडे पाहुणे आले की त्यांना आपण हौसेने दाखवितो ती भोजनगृहातील चांदीची आगगाडी. जेवणाच्या मेजावर मांडलेल्या रुळांवरून ती मद्याची पात्रे घेऊन फिरे आणि पाहुण्याने पात्र उचलले की थांबे. जवळच असलेले उषाकिरण हे संस्थानचे एके काळचे अतिथिगृह आज हॉटेल आहे. १९७१ साली संस्थानिकांचे तनखे बंद झाले, तत्पूर्वीच १९६३ साली उदयपूरच्या सरोवरातील प्रासाद हॉटेल झाला होता. परदेशातही असेच घडले. पॅरिसमध्ये १८९८ साली ज्याने राजेरजवाड्यांसाठी विख्यात हॉटेल उघडले, तो सेझार रिट्झ स्वतः एका स्विस शेतकऱ्याचा मुलगा होता. जे सुख पूर्वी जन्माने मिळे, ते आता एका रात्रीपुरते पैशाने मिळते, एवढाच फरक झाला आहे. ज्या वैभवाकडे आपण आपले भूषण म्हणून बोट दाखवितो, त्याचाच एक अंश आपल्या शेजाऱ्याने परदेशी चार दिवस भोगला तर त्यास पापी ठरविणे न्यायाचे होणार नाही.

"परंतु परदेशगमन आणि तेथील खाणेपिणे?" असे कोणी विचारील. या बाबतीत आपल्या पूर्वजांनी बराच काथ्याकूट केला आहे. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी जयपूरचे महाराज सवाई माधोसिंग विलायतेस गेले, तेव्हा त्यांनी चांदीच्या प्रचंड घड्यांतून गंगाजल बरोबर नेले. ते घडे जयपुरास आजही पाहावयास मिळतात. त्याआधी, १८९० साली, पुण्यास पंचहौद मिशनमध्ये काही मान्यवरांपुढे चहा ठेवण्यात आला. त्या प्रसंगाने केवढे वादळ उठले! त्या मंडळींत न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारखे पुरुष होते आणि रानड्यांना पुढे प्रायश्चित्त घ्यावे लागले. आज त्याच चहावाचून आपल्या देवळाच्या विश्वस्तांची सभा सुरू होत नाही. यावरून काही तरुण असा निष्कर्ष काढतात की, काल चहा निषिद्ध होता, आज वाइन आहे, उद्या तीही चालेल.

हा निष्कर्ष मला मान्य नाही. आणि का मान्य नाही, ते पाहिले असता मूळ प्रश्नाचेच उत्तर हाती लागते.

स्मृतींनी सुरापानाची गणना महापातकांत केली. त्याचबरोबर कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्राक्षांच्या मद्याची नोंद आहे आणि आपल्या वैद्यांच्या फडताळात द्राक्षासव असतेच. उज्जयिनीस काळभैरवाला मद्याचा नैवेद्य दाखविला जातो. आणि त्याच उज्जयिनीत, तसेच आपल्या जवळच्या दतियात व इतर क्षेत्रांत, १ एप्रिल २०२५ पासून मध्यप्रदेश शासनाने दारूची दुकाने बंद केली आहेत. ख्रिस्ती धर्मात द्राक्षरस हा उपासनेचाच भाग आहे. फ्रान्समधील बर्गंडी प्रांतातील नामांकित मळे मध्ययुगात सिस्टर्शियन पंथाच्या साधूंनी जोपासले. तेव्हा दोष द्राक्षाच्या रसात आहे, असे म्हणता येत नाही.

मग तो कोठे आहे? महाभारताच्या आदिपर्वातील कचाची कथा आठवावी. असुरांनी कचास जाळून त्याची राख मद्यात कालविली आणि ते मद्य शुक्राचार्यांस पाजले. एवढा थोर गुरू. परंतु आपण आपला प्रिय शिष्यच प्राशन करीत आहोत, हे त्यांना कळले नाही! शुद्धीवर आल्यावर त्यांनी ब्राह्मणांस मद्य वर्ज्य केले. पेल्यात कोण आहे, ते प्यायलेल्यास दिसत नाही, हा मद्याचा दोष होय. चहाने विवेक जात नाही, म्हणून काळ बदलल्यावर चहाचा निषेध गळून पडला. मद्याने विवेक जातो, म्हणून काळ बदलला तरी तो निषेध गळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ च्या जानेवारीत सांगितले आहे की, शरीरास निर्धोक ठरेल असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही.

आता नाशिकचे पाहा. गंगापूर धरणाच्या परिसरात सुला कंपनीचे मळे आहेत. २००१ साली महाराष्ट्र शासनाने द्राक्षांपासून वाइन करण्याच्या धंद्यास उत्तेजन देणारे धोरण आखले. आपल्याकडील कित्येक कुटुंबे सकाळी त्र्यंबकेश्वराचे दर्शन घेतात व सायंकाळी हे मळे पाहतात. पाहण्यास माझी हरकत नाही. द्राक्षाच्या सालीने वाइनला तांबडा रंग कसा येतो, किण्वाने साखरेचे मद्य कसे होते, लाकडी पिंपांत ते किती काळ मुरते, हे जाणणे ज्ञानच आहे. तेथे एक चमत्कारिक गोष्ट कळते. वाइनची पारख हाच ज्यांचा व्यवसाय, ती माणसे दिवसभर घोट घेतात, जिभेवर घोळवितात आणि थुंकून टाकतात. गिळले तर पारख जाते, हे त्यांना पक्के ठाऊक असते! जे तज्ज्ञ आपल्या पोटासाठी पाळतात, ते आपण आपल्या विवेकासाठी का पाळू नये?

मद्य जे घटकाभरात करते, तेच ऐषआराम हळूहळू करतो, असे मला वाटते. त्याच शुक्राचार्यांचा जामात ययाती. वि. स. खांडेकरांच्या कादंबरीमुळे तो मराठी घरोघर पोहोचला आहे. त्याने भोगासाठी पोटच्या पुत्राचे तारुण्य मागून घेतले. त्याचे पाप सुख भोगण्यात नव्हते. आपल्या सुखाची किंमत कोण मोजीत आहे, हे त्याला दिसेनासे झाले, यात ते होते.

तीर्थरूपांनी आजींना तो विचित्र वाटणारा प्रश्न का केला, हे मला तेव्हा उमजले. ते आजींची दृष्टी शाबूत आहे की नाही, एवढेच पाहत होते. ज्या गादीवर आपण निजलो ती पसरणारे हात ज्याला दिसले, त्याचा विवेक त्या गादीने हिरावलेला नाही. आणि माझे काय? मी तर त्या गादीवर कधी निजलोही नाही. परंतु असूयेने माझी दृष्टी अशी झाकली होती की, त्या छायाचित्रांत मला फक्त खोली दिसली, सत्तर वर्षे कष्टलेली आणि तीन रात्री स्वस्थ झोपलेली म्हातारी दिसली नाही. विवेक भोगाने जातो, तसा न मिळालेल्या भोगाच्या चिंतनानेही जातो. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात हातपाय आवरून मनाने विषयांचे स्मरण करणाऱ्यास मिथ्याचारी म्हटले आहे. तो शब्द मी त्या रात्री स्वतःस लावून घेतला.

म्हणून प्रवासास निघणाऱ्या सभासद बंधुभगिनींस माझी नम्र सूचना आहे. जावे, पाहावे, आनंद घ्यावा. मात्र तीन गोष्टी मनास विचाराव्या. हे सुख आपल्या ऐपतीचे आहे की ऋण काढून सण चालला आहे? आपली सेवा करणारा मनुष्य आपल्याला मनुष्य म्हणून दिसतो आहे काय? आणि घरी परतल्यावर आपली जुनी गादी आपणांस टोचणार तर नाही? तिन्ही उत्तरे समाधानकारक असतील, तर त्या सुखाची लाज बाळगू नये आणि त्याची फुशारकीही मारू नये. जे घरीच राहिले, त्यांनी शेजाऱ्याची छायाचित्रे पाहताना स्वतःचे मनही एकदा तपासावे.

आजींनी पुढच्याच एकादशीस निर्जळ उपवास केला. द्वादशीस त्या देवळात आल्या तेव्हा मी विचारले, "आजी, आता झोप लागते का?" त्या हसून म्हणाल्या, "लागते रे बाळा. तिथल्याइतकी गाढ नाही, पण लागते." सुखाविषयी इतके सरळ, लोभ न धरता व लाज न बाळगता बोलता येणे, ही बुद्धी श्रींनी आपणां सर्वांस द्यावी, हीच प्रार्थना.