दोष उन्हाचा की मुळाचा?

चैत्र-वैशाखात नाशिककडील काळी जमीन भेगाळते व नवी लाविलेली हरळी जळून जाते. जुनी हरळी वरून वाळली तरी मुळातून पुन्हा फुटते. ऊन तर दोघींवर सारखेच पडते. रोज थोडे पाणी शिंपडिल्याने मुळे वरच राहतात. खोल मुरविल्याने ती ओलीमागे खाली उतरतात.

नवख्रिस्ती बंधू छळात ढळला, तर दोष केवळ त्याचाच काय? नाशिकजवळ जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी पतीमागून पाच वर्षांनी, १९०० साली, बाप्तिस्मा घेतला. तो विलंब व्यर्थ नव्हता. मूळ खाली जात होते. म्हणून उपदेशकहो, ढळलेल्यास बोल लावण्यापूर्वी आपली झारी पाहा, आणि वचन मुरेल इतका वेळ प्रत्येक घरी बसा.