पाहुण्यासाठी कठडा



अब्राहामाने मम्रे येथे तीन अनोळखी वाटसरूंना जेवू घातले. पण पाहुणचार ताट वाढून संपत नाही. घराच्या धाब्याला कठडा बांधावा, नाहीतर कोणी पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष घरावर येतो, असे अनुवादाचे पुस्तक (22:8) आपल्याला बजावते.

आज आपल्यापैकी काही जण घर दोन-चार दिवसांसाठी भाड्याने देतात, काही जण अशा घरांत उतरतात. 2022 साली मेक्सिको सिटीत अशाच घरात तीन अमेरिकन पाहुणे कार्बन मोनॉक्साइडने दगावले. या वायूला रंग नाही, वास नाही. बंद न्हाणीघरातला गॅस गिझरही तो सोडू शकतो.

यजमान असू तर गिझर बाहेर मोकळ्या हवेत बसवू या, पोहण्याच्या तलावाला कुंपण घालू या, ओळखपत्र पाहून नोंद ठेवू या. विदेशी पाहुण्याची माहिती 24 तासांत सरकारला कळवू या. पाहुणे असू तर बाहेर पडण्याचा मार्ग आधी पाहून ठेवू या आणि मुलांना पाण्याजवळ एकटे सोडू नये.

भाडे घेतले तरी पाहुणा पाहुणाच राहतो. त्याचा जीव देवाने आपल्या हाती सोपवलेला असतो. आपल्या घराचा कठडा शाबूत आहे ना, हे आजच पाहू या.