लाकडी जमीन आणि भाडेकरूचे नाव

घर भाड्याने देणाऱ्याला भाडेकरूबद्दल काय काय विचारण्याचा हक्क आहे? प्रश्न साधा वाटतो. पण शहरात घर शोधत फिरलेल्या प्रत्येक मुसलमान कुटुंबाला त्याचे वजन ठाऊक आहे.

उदाहरण म्हणून लाकडी जमिनीचा फ्लॅट घेऊ. मुंबईतल्या जुन्या इमारतींत सागवानी तुळयांवर फळ्या ठोकलेल्या असत आणि त्यावरून साधी माणसे वावरत. आज तीच लाकडी जमीन श्रीमंतीची खूण झाली आहे. असा फ्लॅट देताना मालक अटी घालतो. बादलीभर पाणी ओतून जमीन धुऊ नका, पिळलेल्या फडक्याने पुसा. कारण फळ्यांच्या सांध्यांत पाणी मुरले की लाकूड फुगते. खुर्च्या-टेबलांच्या पायांना फेल्टचे तुकडे लावा, नाहीतर चरे पडतात. पावसाळ्यात ओल धरू देऊ नका, वाळवी दिसली तर लगेच कळवा. शिवाय अनामत रक्कम ठेवा.

या सगळ्या अटी रास्त आहेत. घर मालकाचे आहे आणि भाडेकरूकडे ती अमानत आहे. अमानतीत खयानत झाली तर अनामतीतून पैसे कापण्याचा हक्क मालकाला आहे. रोजच्या वावराने होणारी झीज मात्र त्यात धरता येणार नाही, कारण त्या वावराचेच तर तो भाडे घेतो.

इथपर्यंत वाद नाही. वाद सुरू होतो तो नाव विचारल्यावर. फोनवर भाडे ठरते, घर पाहण्याची वेळ ठरते, मग एजंट नाव विचारतो आणि थोड्या वेळाने कळवतो की मालकाचा विचार बदलला. लाकडी जमिनीला पाण्याची भीती असते, वाळवीची भीती असते. नावाची कसली भीती?

'माझे घर, माझी मर्जी' हे उत्तर आपण ऐकतो. कायदाही त्याला फारसा अडवत नाही. नागरिकशास्त्राच्या तासाला राज्यघटनेचे कलम १५ शिकवताना दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तलाव, रस्ते यांची यादी येते. तिथे धर्म-जातीवरून कुणाला अडवता येत नाही. खासगी घराचा त्या यादीत उल्लेख नाही. २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवण्याचा तिचा नियम वैध ठरवला. अमेरिकेने १९६८ मध्ये घर विकताना वा भाड्याने देताना वंश आणि धर्मावरून भेदभाव करण्यास कायद्याने मनाई केली. तरी स्वतः मालक राहतो अशा लहान इमारतींना त्यातही काही सूट ठेवली.

पण कायद्याने मनाई नसणे म्हणजे नीतीने परवानगी असणे नव्हे. रास्त अट ओळखण्याची एक कसोटी मला सुचते. जी अट माणूस आपल्या वागण्याने पाळू शकतो किंवा मोडू शकतो, ती रास्त. पाणी न सांडणे, भाडे वेळेवर देणे, रात्री गोंगाट न करणे हे माझ्या हाती आहे. माझे नाव आणि माझा जन्म माझ्या हाती नाही. ते कारण पुढे करणारा मालक माझ्या वर्तनाची परीक्षा घेतच नाही, परीक्षेआधीच निकाल लावतो.

मांसाहाराच्या अटीचे काय? ती अट वागण्याबद्दलची आहे, हे कबूल करायला हवे. मात्र ती सर्वांना सारखी लागू हवी. मासे खाणाऱ्या कोकणी हिंदू कुटुंबासाठी ती सैल होते आणि आपल्यासाठी घट्ट होत असेल, तर तो प्रश्न स्वयंपाकघराचा राहत नाही.

आता हीच कसोटी आपल्यालाही लावली पाहिजे. आपल्या वस्त्यांतही भाड्याने घरे दिली जातात. 'आमच्या जमातीलाच देऊ', 'बाहेरगावचा नको', 'एकटी बाई नको' हे शब्द तिथेही कानी पडतात. तलाक झालेली, मूल पदरी असलेली एखादी शिक्षिका घर मागायला येते, तेव्हा तिचे वागणे कुणी पाहिलेले नसते. तिच्या एकटेपणावरूनच नकार ठरतो. तिच्या नकारात आणि आपल्याला मिळालेल्या नकारात फरक काय? आपण त्याला सावधगिरी म्हणतो आणि पलीकडचा मालकही आपल्या नकाराला तेच नाव देतो.

इन्साफ मागणाऱ्याची अडचण हीच असते. तो फक्त आपल्यापुरता मागता येत नाही. दुसऱ्यांची मने आणि कायदे बदलायला काळ लागेल, त्यासाठी बोलत, लिहीत राहिले पाहिजे. पण ज्यांच्याकडे एक खोली जास्तीची आहे, त्यांना कुणाची वाट पाहण्याचे कारण नाही. पुढच्या वेळी दारात कुणी आले तर घराच्या सगळ्या अटी त्याला स्पष्ट सांगाव्यात आणि त्या पाळायला तो तयार असेल तर किल्ली द्यावी.